सोळा थाउची फट

झाकण उघडलं तर आत काळा डबा,
काडेपेटीएवढा, चारी बाजूंनी बुजवलेला.
उघडायला स्क्रू नाही, घासायला काही नाही.
जळालाय एवढंच कळतं,
तेही तो सांगत नाही, आपणच ठरवायचं.

नव्या डब्याला वीस दिवस, पैसे आधी.
सावरगावच्या जाधवबाई काठावर दोन दिवस उभ्या राहिल्या,
तिसऱ्या दिवशी छत्री घेऊन
रस्त्यानं वळसा मारून शाळेत गेल्या.
धरणाचं पाणी मात्र तसंच, सपाट, माझ्याकडं बघत.

भद्रकालीत हातिमभाईंनी चौथ्या फळीवरून,
पंख्याच्या पट्ट्यांमागून, पत्र्याचा डबा काढला.
किंमत वाचायला चष्मा लावला,
मग चष्मा काढून किंमत सांगितली.
सीबी पॉइंट एक. कंडेन्सर फुकट.
"चालला तर कळव.
नाही चालला तरी कळव."

पॉइंट मिळाला. पण बसवू कशावर?
पाना शोधताना पेटीच्या तळाशी
तेलाच्या फडक्यात काहीतरी जड लागलं:
डेल्कोची जुनी प्लेट, वायर, चिनीमातीचा पांढरा तुकडा
आणि तुळशीरामच्या तिरक्या अक्षरात
बिडीच्या कागदावर:
फेकू नये. परत बसवशील तेव्हा
पांढरं आधी लाव, नाहीतर पॉइंट जळतील.

तीन वर्षांपूर्वी डबा त्यानंच बसवला होता.
"दादा, पॉइंट घासायचे दिवस गेले आता."
त्याच पावसाळ्यात बोटीच्या हिशोबावरून
आमचं जे झालं ते झालं.
तो चाकणला. मी इथं.
'बसवलास तर' असं नाही लिहिलेलं.
'बसवशील तेव्हा.'

मी पांढरं आधी लावलं.

मग कॅमचा उंचवटा टाचेखाली येईतो
पट्टा हातानं फिरवला, इंचाइंचानं.
फीलर गेजचं सोळा थाउचं पातं
फटीत सरकलं पाहिजे, पण अडत अडत,
लग्नाच्या गर्दीत चुलता सरकतो तसं.
स्क्रू आवळला की फट हलते.
सैल केला की पुन्हा हलते.
पाचव्यांदा जमलं. टाचेवर ग्रीस, मोहरीएवढं.

रिक्षाच्या पार्किंग लाइटचा बल्ब,
एक वायर कॉइलला, एक अंगाला.
इंजिन हळूहळू फिरवत गेलो, खुणेपर्यंत,
खुणेच्या आधी, खुणेवर,
आणि बल्ब लागला.

मला नेहमी उलटं वाटायचं.
दोन तुकडे भेटले की ठिणगी पडत असेल.
नाही. भेटलेले असतात तेव्हा कॉइल नुसती भरत राहते.
सुटतात, त्या क्षणी पडते,
तीही तिथं नाही, दूर प्लगच्या टोकाला.
हे काही मी लावून घेतलं नाही.
बल्ब लागला, मी डेल्कोचा क्लॅम्प आवळला.

सेल मारला. एकदा खोकलं. दोनदा.
मग चालू, जरा अडखळत,
गंगावऱ्याच्या चढावर म्हातारी थांबून थांबून बोलते तसं.
पण बोलतंय. फट वाढली तर सांगेल,
पॉइंट काळा पडला तर सांगेल.

सकाळी जाधवबाई चढल्या. छत्री मांडीवर.
"काय झालं होतं हो?"
"डबा जळाला," मी म्हटलं.
हे खरं आहे. पूर्ण खरं नाही.
त्या रात्री मी बोटीतच पडलो होतो,
इंजिन बंद, किल्ली उघडी,
लाल दिवा लागलेला दिसत होता
आणि उठावंसं वाटलं नव्हतं.
कधी डोळा लागला कळलं नाही.
पहाटे डब्याला हात लावला तर
ताप आलेल्या पोराच्या कपाळासारखा.

हातिमभाईंना कळवलं: चालला.
दुसरा नंबर काढला, पाहिला,
फोन खिशात ठेवला.
किल्ली काढून दोऱ्यानं मनगटाला बांधली.
डबा त्याच फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवलाय.
वर कागद आहे. अजून कोरा.