शेडकार्ड

गांधीबागेतल्या दुकानदारानं शेडकार्ड उलगडलं
आणि एकशेबारा रंग काउंटरवर माझ्याकडे बघत बसले.
गाडी कोणती?
मेटॅडोर. ब्याऐंशीची.
मग ओरिजिनलच मारा, तो म्हणाला,
जणू ओरिजिनल लिटरवर मिळतं.

त्याचं बोट नारिंगीवरून हलेना.
नागपूरची गाडी म्हटल्यावर त्याचं ठरलेलं होतं.
मी म्हटलं, भाऊ, ही संत्र्यांची नव्हती.
बर्फाची होती.

पहाटे चारला कॉटन मार्केटमागच्या कारखान्यातून
बाबा लाद्या भरायचे. खाली भुसा, वर ओलं गोणपाट.
एप्रिलात सकाळच्या शाळेला निघालो की
रस्त्यावर तिची थेंबाथेंबाची रेघ असायची.
कोपऱ्यापर्यंत मी त्या रेघेवरून चालायची,
पुढे ती वाळून गेलेली.

त्या पाण्यानंच तळ खाल्ला.
इंजिनाला म्हणे काही झालेलं नाही.

रंग कोणता होता, हे मी सगळ्यांना विचारलं.
आई म्हणाली, पांढरा, बर्फाची गाडी पांढरीच असते.
हेमराज म्हणाला, फिका निळा, आणि पैज लावायला तयार.
नंदनवनच्या ढाकटेकाकू, ज्यांच्या लग्नात तीन लाद्या गेल्या
आणि चौथी वरमायनं मागवली,
त्या म्हणाल्या, पिस्ता बाप्पा, पक्का पिस्ता.
महालातल्या एका गृहस्थांना फोन केला.
त्यांच्या वडिलांना एक रात्र ठेवायचं होतं,
भिलाईचा भाऊ पोचेपर्यंत.
ते बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, अंधार होता. तुमचे वडील उतरले,
चपला बाहेर काढल्या, एवढं आठवतं.

वाठोड्याला इस्तियाकभाईंनी घासायला घेतली.
पिवळा निघाला, शाळेच्या पोरांचा.
पिवळ्याखाली जांभळा, कुण्या मंडप डेकोरेशनवाल्याचा.
मग राखाडी, मग थेट गंज.
चौऱ्याण्णवला विकली तेव्हाचं काहीच नाही.

तिसऱ्या दिवशी पुढच्या काचेचं रबर ओढलं
तर आत बोटभर पट्टी, ऊन न लागलेली.
सरकारी दवाखान्याच्या भिंतींना
कमरेपर्यंत असायचा ना, तो हिरवा.
"हा कंपनीचा नाही, बाई," इस्तियाकभाई म्हणाले,
"हातानं मारला हाये कोणीतरी. हे पाहा."
रंगात ब्रशचा एक केस चिकटलेला.

कंत्राटदाराकडचा उरलेला डबा असणार.
उरलेलं बाबा कधी सोडायचे नाहीत,
भाताची खरवड, साबणाची चकती,
पाव किलो बर्फ, तो आम्हाला.

पण हा हिरवा कुणीच पाहिला नव्हता.
पहिल्याच मेमध्ये उडाला असेल.
लोकांना आठवते ती उडालेली गाडी,
आणि रबराखाली होती ती फक्त बाबांना माहीत.
आता कोणती रंगवू?

मशीननं पट्टीवरून शेड काढली. मी बघितली.
म्हटलं, यात थोडा पांढरा घाला. अजून.
"किती?"
एका उन्हाळ्याएवढा.
ते हसले नाहीत. त्यांनी चमच्यानं घातला.

ब्रशनं मारा म्हटलं तेव्हा मात्र रागावले,
"दरवाजा हाये का हा घराचा?"
स्प्रेच झाला.

पण पंचेचाळीस डिग्रीत रंग हवेतच वाळतो,
पत्र्यावर नुसती रेती बसते.
दोन दिवस थांबलो. मग मी ई-रिक्षात घालून
एक लादी आणली, गोणपाटात,
कूलरपुढे टबात ठेवली, शटर अर्धं ओढलं.
पहाटे चारला त्यांनी पहिला हात मारला.

सातला शटरखालून पाणी बाहेर आलं.
पंक्चरवाल्याची पोरगी पाण्यात उभी राहून विचारते,
कोणता रंग आहे हा?
म्हटलं, ओला आहे अजून, हात लावू नको.
लावलाच.

इस्तियाकभाई पॉलिश पेपर घेऊन उठले.
मी म्हटलं, बसा, चहा येतोय.