नऊ सेकंद

गुरुवारी चार वाजता ते तिघे येतात.
हेस्टर लवलक, ओल्या छत्रीसकट.
फोलारिन, ज्याला माइक नेहमी बोटभर उंच हवा.
आणि डर्मट क्वेल,
ज्याच्या एका वाक्याने लीड्समधली दोन नाटकं
शनिवारच्या आत बंद पडली, असं म्हणतात.
(तो म्हणतो, एकच.)

मी काचेच्या अलीकडे. माझं काम कापायचं.
घोट, खाकरणं, तसं बघायला गेलं तर,
हेस्टरची बांगडी टेबलाला लागते तो टिण्ण.
चर्चा पंचावन्न मिनिटं, प्रसारण अठ्ठावीस.
नमनाचं घडाभर तेल
दर आठवड्याला मीच मोरीत ओतते.

आज विषय होता : हल्ली.
हल्ली सगळं परत येतंय, हेस्टर म्हणाली,
तबकड्या, ढगळ विजारी,
तिसऱ्यांदा मेलेला हेर आठव्या भागात.
हल्ली यंत्र चित्र काढतं, डर्मट म्हणाला,
आणि माणूस वाकून त्यातली बोटं मोजतो.
फोलारिन म्हणाला, गाणं कोण ऐकतं?
गाण्याचे नऊ सेकंद ऐकतात, तेवढ्यावर नाचतात.
शितावरून भाताची परीक्षा ठीक,
पण आता शिजवतातच एक शीत.
(हे मी म्हणाले. काचेच्या अलीकडे. नोंद नाही.)

मग ब्रॅडफर्डचं ते नाटक.
बंद पडलेला पोहण्याचा तलाव, पाणी उपसलेलं,
प्रेक्षक तळाशी, घडीच्या खुर्च्यांवर,
आणि वर काठाशी एकच बाई
चाळीस मिनिटं टॉवेलांच्या घड्या घालते.
हेस्टर म्हणाली, काळाचं रूपक.
फोलारिन म्हणाला, रूपकाला पंधरा पौंड जास्त होतात.
हशा. हशा ठेवला.

आणि डर्मट, तुला?

पडद्यावरची हिरवी रेघ आडवी झाली.
मला वाटलं वायर निसटली,
टेबलाखाली शिरून प्लग दाबून पाहिला.
वर आले तरी रेघ तशीच.
नऊ सेकंद.
मग तो म्हणाला,
'भिंतीवर अजून लिहिलंय, खोली आठ फूट.'
आणि पाणी प्यायला.

माझे वडील मिरजेला तंबोरे करायचे.
कसा झालाय, असं गिऱ्हाइकानं विचारलं
की एक तार छेडून गप्प बसायचे.
ती पुरती विझली की मग किंमत सांगायचे.
कधी सांगायचेच नाहीत,
तंबोरा परत खुंटीला.

व्हेरिटी, आमची निर्माती, दारातून म्हणाली,
ते नऊ सेकंद काढ,
तेवढ्यात एक पुस्तक उरकतं.
बरोबरच आहे तिचं.
सात काढले.

दोन राहू दिले. का, ते मला विचारू नका,
मी समीक्षक नाही.
आज रात्री हलला, नाहीतर स्कार्बरोला,
कुणी बशा विसळता विसळता थांबेल
आणि रेडिओला
ओल्या हाताची एक थापट मारील.