पान चार, ओळ अकरा

साक्षीदार बामीबाई केणी, वय अंदाजे सत्तर,
राहणार पूर्वी भांडुपचं मिठागर, हल्ली दिवा.
म्हणाल्या : मंग आमी पांगलू.
एवढंच.
आणि मी, अनुवादक, दुसरा मजला, फोर्ट,
त्या एका क्रियापदापाशी
साडेबारा ते पावणेतीन अडकून बसलो.

आधी डिस्पर्स लिहिलं. हात सवयीनं जातो.
पोलिसांच्या कागदांत जमाव नेहमी डिस्पर्स होतो,
त्या शब्दाला शिट्टीचा आवाज आहे.
पण त्यातून असंही वाचता येतं
की सभा संपली, चहा संपला,
मंडळी आपापल्या घरी गेली.
समोरचे नाडकर्णी वकील
नेमकं तेवढंच वाचतील.

खोडलं. स्कॅटर.
हा बरा. पण हा दाण्यांचा शब्द,
कबुतरांपुढे कोणी मूठ उघडावी तसा.
दाणे डिपॉझिट भरत नाहीत.
बामीबाईंच्या सात घरांतली माणसं
हंडे, गाद्या, एक शिलाई मशीन घेऊन गेली,
टेम्पोचे पैसे स्वतः देऊन.
पावती जोडली आहे, परिशिष्ट क.

डिसिपेट नकोच. ते धुक्याचं,
किंवा आमच्या थोरल्या काकांचं,
ज्यांनी गिरगावची खोली पत्त्यांत घालवली.
ब्रेक अप माझी मुलगी म्हणते,
फोनवर, दार लोटून घेऊन.
आणि डिझॉल्व्ह,
हा माझ्या ओळखीचा.
वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात
माझ्याच निकालपत्रावर होता, एक एस कमी.
चूक मीच दाखवली त्यांना,
आणि वैजयंती त्या दिवशी
पहिल्यांदा आणि शेवटचं हसली.

जेवणाच्या सुट्टीत बाई व्हरांड्यातल्या बाकावर होत्या.
नियमात बसत नाही, तरी विचारलं :
पांगलात, की पांगवलं तुम्हाला?
मराठीत मध्ये एक व आहे फक्त.
नुकसानभरपाई त्या व-वर टेकलेली.

बाईंनी पिशवीतून बिस्कीट काढलं,
मोडून अर्धं मला दिलं.
येक उरनला हाय, म्हणाल्या. दोगी दिव्याला.
मदली पनवेलच्या पल्याड.
धाकला कुटं त्ये नाय ठावं.

मी म्हटलं, म्हणजे विरघळून गेलात, असं लिहू?
कशाला म्हटलं कोण जाणे,
दोन तास शब्दच दिसत होते मला.
त्या बघत राहिल्या,
पहिलीत नापास झालेल्या पोराकडे बघावं तसं.
इरगललेला मीठ परत गावतं बाबा.
ऊन पायजे,
न् आगरान पानी राखाला मानूस पायजे.

मग त्यांनी पदराला बिस्किटाचे हात पुसले
आणि विचारलं, मुतारी कुठं आहे.

पावणेतीनला मी रोमन अक्षरांत
त्यांचाच शब्द टाईप केला.
यंत्रानं खाली लाल नागमोडी रेघ ओढली.
पुढे तीन गावांची नावं लिहिली,
धाकल्याच्या जागी आडवी रेघ.
चार वाजता कागद परत आला,
शिरस्तेदार गुरवबाईंच्या बारीक अक्षरात :
इंग्रजी क्रियापद लिहावे. नावे मूळ जबाबात नाहीत.

बरोबर होतं त्यांचं.
लिहिलं एक. कुठलं ते काय सांगायचं,
प्रत साक्षांकित आहे, शिक्का माझा आहे.
व नाही त्यात.
शपथेवर त्यांनी तो उच्चारला नव्हता.
व्हरांड्यातही नाही.