खाय

फेब्रुवारीत नाम खान आटते
आणि तळाचे दगड उठून बसतात,
हिरवे केस मोकळे सोडून.

चान्थी गुडघाभर पाण्यात, सिन कमरेला खोचलेलं.
डाव्या हाताने प्रवाहाचा कल धरते,
उजव्याने दगडाची वेणी सोडवते.
उपटत नाही. मुळाशी बोटभर राखते,
"पुढल्या आठवड्याचं."
तिच्या भाषेत या शेवाळाचं नाव खाय.
माझ्या कानाला तो आग्रह वाटतो.

काठावर विलाइफोन, राजधानीतून आलेली.
जुना टूथब्रश, पांढरी ताटली, आयोडीनची बाटली.
तळहाताएवढा दगड घासते,
एक थेंब काचेवर ठेवते,
मग एक डोळा मिटून
बराच वेळ कुणाचीच उरत नाही.

"ये, बघ."
थेंबात काचकाम चाललेलं:
होड्या, सुया, डबीला चपखल झाकणं,
कुणाच्या अंगावर शंभर रेघा
आणि एकाही रेघेला घाई नाही.
भातखाचरातलं बुळबुळीत थाव
पेशीपेशीत हिरवी फीत गुंडाळून,
जणू कुणी भेट बांधायला बसलं
आणि भेटच आत ठेवायची राहिली.
एक हिरवा चंद्र, कमरेत चिमटलेला,
स्वतःच्याच प्रतिबिंबाला चिकटून.
आणि डोंगरातल्या थंड झऱ्याचं ते जांभळट,
बेडकाच्या अंड्यांच्या माळेसारखं,
तांबड्या कुळात जन्मून
कधी समुद्र न पाहिलेलं.

गेल्या वर्षी वहीत एकशे बारा नावं.
यंदा एकोणऐंशी.
ती पुन्हा मोजते. पेन्सिल चावते.
पुन्हा एकोणऐंशी.

वर धरण झालंय.
दुपारी तीनला, आभाळ कोरडं ठणठणीत असताना,
पाणी हातभर चढतं,
दिवेलागणीला उतरतं.
दगडांना समजत नाही
हा कुठला ऋतू.
चान्थी आता तीनच्या आत टोपली भरते,
घड्याळ लावून नदीवर जाणारी
तिच्या घरातली पहिलीच बाई.

संध्याकाळी बांबूच्या चौकटीवर खाय थापली जाते,
पातळ, उजेड आरपार जाईल इतकी.
वर तीळ, लसणाच्या चकत्या, टोमॅटोचे काप,
चिंचेच्या कोळाचा शिपका.
कालची वाळलेली ती तेलात सोडते:
चर्र, आणि काढलीच बाहेर,
नाहीतर कडू होते.

तुकडा मोडून जिभेवर ठेवते.
चावत नाही. थांबते.
"कुणीतरी आलेलं नाही यात."
"कोण?"
"नावं तुझ्याकडे.
मला रिकामा पाट तेवढा कळतो."

विलाइफोन वही उघडत नाही.
दुसरा तुकडा उचलते,
तोंडात टाकते
आणि डोळे मिटते,
या वेळी दोन्ही.