ओढायचं नाही

दुसऱ्या रेल्वे गेटापाशी, पहिल्या मजल्यावर ती खोली.
पाटी कन्नडात, खाली बारीक इंग्रजी.
मला दोन्ही वाचता येत नाहीत,
मी वासावर पोचतो:
स्पिरिट, रबर, ओली फरशी.
येळ्ळूरच्या आमच्या तालमीत वास असायचा
ताकात भिजलेल्या तांबड्या मातीचा, कापराचा.

समिधा हुंदरे पालथी झोपलीय.
तिच्याच मांडीची एक शीर काढून
गुडघ्यात ओवलीय, सुईत दोरा ओवावा तशी.
दोन भोकं पाडली, दुर्बीण घातली, झालं.
मला फोटो दाखवला. आत सगळं पांढरं,
शहाळ्यातल्या मलईसारखं.
चाळीस वर्षं गुडघे हातात धरले मी,
आत पांढरं असतं हे माहीत नव्हतं.

होसमनीबाई कंपासपेटीतला असावा तसा कोनमापक काढतात,
गुडघ्याला टेकवतात.
अडुसष्ट.
काल पासष्ट होते.
तीन अंशांसाठी पोरगी हसली,
खानापूरच्या मैदानात गदा घेताना
एवढे दात दिसले नव्हते तिचे.

बाई मोजतात ओंदु, एरडु, मूरु,
पोरगी पुढं ओढते चार, पाच,
सहाला दोघी गप्प.
"दुखालंय?"
"दुखालंय."
"साकु."
साकु म्हणजे पुरे. बाजारात ऐकून पाठ झालेला शब्द.
तालमीत मी तो कुणालाच म्हटला नाही,
ना मराठीत, ना कन्नडात.

आमची रीत अशी:
हळद, मीठ, अंड्याचा लेप, बांबूच्या कांब्या.
पायाचा अंगठा धरायचा,
"ती बघ घार" म्हणायचं,
पोरानं मान वर केली की झटका.
कट्ट वाजलं की सगळे म्हणत, बसलं!
काय बसलं, कुठं बसलं,
कुणी विचारलं नाही. मीही नाही.

जोतिबा मेलगेचं असंच बसवलं होतं.
राजहंसगडाखाली पडला, मी ओढला,
एकविसाव्या दिवशी लंगोट बांधून उभा केला.
पट काढताना गुडघा आतल्या आत फिरला,
वाळलेली फांदी मोडावी तसा आवाज,
हलगी वाजत होती तरी ऐकू आला.
आता वडगावात रिक्षा चालवतो.
ब्रेक दाबताना खालचा ओठ दातात धरतो.
मी बसलो की भाडं घेत नाही.
घेतलं असतं तर बरं झालं असतं.

"नऊ महिने," बाई म्हणतात.
मी म्हणालो, सहाव्या महिन्यात दसऱ्याचं मैदान आहे.
त्यांनी माझ्याकडं बघितलं,
पंच बघतो तसं, शिट्टी तोंडात धरून.
"वस्ताद, शीर लागली म्हणजे रुजली नाही.
एका पायावर उडी मारू दे तिला,
चांगल्या पायाएवढी लांब.
मग बोलूया."
मग मला काम दिलं:
टाचेखाली टॉवेलची घडी,
दहापर्यंत मोजायचं, दिवसातनं तीन वेळा,
आणि हात लावायचा नाही.
"ओढायचं नाही," त्या मराठीत म्हणाल्या,
प्रत्येक अक्षर वेगळं ठेवून.

निघताना दारात थांबून विचारलं,
तीस वर्षांचा जुना गुडघा बघता काय?
"घेऊन या, बघूया."
बरा होईल, असं म्हणाल्या नाहीत.
खाली जोतिबा रिक्षा पुसत उभा होता.
जिना चौदा पायऱ्यांचा आहे,
मी मोजलाय.
त्याला अजून सांगितलं नाही.

संध्याकाळी हुंदऱ्यांच्या सोप्यात
पोरगी टाच सरकवते, फरशीवर पावडर टाकून.
बाहेर भाताच्या खाचरात बेडूक सुरू झालेत.
सात, आठ.
गुडघा थरथरतो, थांबतो, ओठाला घाम.
मला तो अंगठा दिसतो.
दिसतच राहतो.
"वस्ताद, हात कुठायत?"
"मांडीखाली घातलेत गं.
तू मोज."