कडेची लेन

सुरुवातीला मला गाड्या दिसायच्या.
नंतर फक्त हात.
काचेतून कोपरापर्यंत बाहेर आलेले,
मेंदी उतरत चाललेले, ग्रीसचे, कांद्याच्या टरफलाचा वास लागलेले,
आणि एक अंगठीवाला, दोन बोटांत नोट धरून
मी घ्यायला गेले की जरासा मागे ओढणारा.
सिन्नरच्या एमआयडीसीतली पाळी सुटली की
नाणीसुद्धा घामेजलेली यायची.

छातीवर बिल्ला: हर्शाली.
पोटफोड्या ष कंपनीने गाळला,
मी सात वर्षं तसाच लावला.

सुट्टे नसले की आवळ्याची गोळी.
लोक शिव्या देत देत ती तोंडात टाकायचे.
शिव्या खड्ड्यांवरून, पुलावरून, माझ्या आईवरून.
मी पावती फाडून द्यायचे.
तिच्यावर वेळ छापलेली,
म्हणजे शिवी किती वाजता दिली ते पक्कं.

कचेश्वर हांडगे दर गुरुवारी.
जुनी मारुती, मागच्या काचेवर प्रेसच्या क्रिकेट संघाचा स्टिकर.
नाशिकरोडला नोटा छापण्यात चौतीस वर्षं गेलेली.
द्यायच्या आधी ते नोट उजेडात धरायचे,
घेतल्यावर मी धरायचे.
बघ, बघून घे, म्हणायचे,
खोटी निघाली तर माझ्यावर येईल.
एकदा मी परत दिलेली, चार घड्यांची वीसची नोट
त्यांनी नाकाशी नेली.
‘हिला मी ओली बघितलीय.’
मागून हॉर्न.

लाखांनी मोजल्या, पण घरी पगारच नेला.
गेटवर रोज झडती.
डबा उघडायचे, भाकरी उलटून बघायचे.
हे सगळं मला कळायला सतरा गुरुवार लागले,
एका थांब्याला एक वाक्य.

मग टॅग आले.
वर एक डोळा, एक पीं,
दांडा उठतो, दांडा पडतो.
हात आत गेले, काचा वर गेल्या.
शोभा गायधनी आता पळशाला पेरू विकते,
ह्याच रस्त्याच्या कडेला, मीठ-तिखट लावून,
तिच्यापाशी अजून काचा खाली होतात.
मी उरले सगळ्यात डावीकडे,
ज्यांचा टॅग चालत नाही त्यांच्यासाठी.
रोख असेल तर दुप्पट.
दिवसातून चाळीसदा हे म्हणायचं,
आणि वरचे पैसे मीच घरी नेणार
अशा नजरा झेलायच्या.

गेल्या गुरुवारी मारुती ह्या लेनला आली.
पुढच्या काचेवर टॅग होता, नवा, मुलाने लावून दिलेला.
त्याच्यावर तंबाखूच्या पुडीतली चांदी
चारी बाजूंनी नीट चिकटवलेली.
वरचा डोळा बघत राहिला. पीं नाही.

‘नाना, दुप्पट पडतील.’
‘पडू दे.’

त्यांनी नोट उजेडात धरली. हात कापत होता,
त्यामुळे कागदातला चेहरा सापडायला वेळ लागला.
मग मी धरली.
हॉर्न वाजला नाही.
ह्या लेनला आता मागे कोणी नसतं,
म्हणून त्या दिवशी दोन वाक्यं झाली.

‘आमच्याकडे एखादी नोट बिघडली ना,
तर तिच्या जागी दुसरी जायची, नंबरात चांदणी घालून.’

आणि दांडा वर गेल्यावर, गिअर टाकता टाकता:
‘तुझ्या जागी काय घालणार आहेत गं?’

सुट्टे मी पूर्ण मोजून दिले.
वर एक आवळ्याची गोळी.
पावतीवर वेळ, अकरा बेचाळीस.