केवडा

गुरुवारी हिशेबखात्यातल्या वैजनाथ उटगीने
एक पत्र उघडलं: ‘थकीत बिल, तातडीचं’.
नाव साहेबांचंच होतं,
पत्त्यात फक्त एक अक्षर जास्त.
साडेअकरापर्यंत माझ्या हातात एकेचाळीस केबली,
उपटलेल्या, मुळांसारख्या लोंबत.
वैजनाथ रिकाम्या ग्लासातून पाणी पीत होता.
होतं असं, मी म्हटलं.
वर्षातून नऊदा म्हणते मी हे.

शनिवारी पहाटे यंत्रं पुन्हा श्वास घेऊ लागली.
घरी जा असं कोणी म्हणालं नाही, मीच निघाले.
मार्व्याचा धक्का, होडी, डिझेलचा वास,
पलीकडे मनोरी.
हीसुद्धा मुंबईच,
पण इथे कोंबडा आरवला
तर कोणी खिशात हात घालत नाही.

‘कवा आयली गो?’ एवढंच पास्कूमामा बोलला.
ताडगोळा सोलून तळहातावर ठेवला,
गार, थुलथुलीत, आत पाण्याचा एक घोट.
मामीने फोन घेतला, तांदळाच्या डब्यावर पालथा घातला.
मग विहिरीच्या पायरीवर मी किती वेळ बसले
ते बेडकाला विचारा.

दुपारी वाडीत गेलो.
हाताला खाजरी लव लावणारी भेंडी,
एका ओळीत पाच झाडं मात्र पिवळी,
पानांच्या शिरा कोणी हळदीने गिरवल्यागत.
‘केवडा हाय,’ मामा म्हणाला. ‘वायरस.’

मी हसले. इतकी, की बांधावरचा कुत्रा उठून गेला.
मामाला कळेना. तो वाकला,
मुळासकट उपटलं एकेक, गोणीत कोंबलं, तोंड बांधलं,
‘आता हात धुवल्याशिवाय बस्त्यावच्या वाफ्यात जाव नको.’
पांढरी माशी आणते म्हणे.
कुठून? मी विचारलं.
‘शेजारून. वळखीच्या झाडावरनं.’

बांबूला पिवळा पत्रा टांगलेला, तेल फासलेला,
त्यावर चिकटलेल्या माशा, बारीक, पिठासारख्या.
मी जवळ जाऊन पाहिलं.
आमचा गाळप्याचा परवाना वर्षाला चार लाख,
आणि हा पत्रा तुपाच्या डब्याचा.
मामाला सांगितलं नाही. त्याने भाव वाढवला असता.

रात्री फुगे तळले मामीने, सोबत सुकटीचं कालवण.
दिवे गेले. कोणी ‘अरे’सुद्धा म्हणालं नाही.
खाडीवरून वारं आलं, त्याला ना विषय, ना घाई.
मला झोप लागली ती सरळ
सकाळच्या घंटेपर्यंत.

सोमवारी वैजनाथच्या टेबलावर
वर्तमानपत्रात गुंडाळलेली अर्धा किलो भेंडी ठेवली.
तो दचकला. पुडक्याला हात न लावता,
चष्मा वर सारून, दोन्ही बाजूंनी वाकून पाहिलं त्याने.
‘कोणी पाठवलंय?’

मी उत्तर दिलं नाही लगेच.
बघत राहिले त्याच्याकडे,
जशी मामी बघते
रुजलेल्या बियाकडे.